फक्त दोरा

कारागिराने आईची बोरमाळ दिव्याखाली धरली, एकेक मणी बोटाने फिरवला आणि शेवटी दोन मण्यांपाशी थांबला.

"मॅडम, धागा तो हो जाएगा. लेकिन ये दो दाने पिचके हुए हैं. डेंट निकाल दूँ? एकदम नया लगेगा."

बंगालकडचा तरुण माणूस, हात स्वच्छ, नजर कामावर. तो काही वावगं विचारत नव्हता. पंधरा दिवसांवर माझ्या लेकीचा साखरपुडा आलाय आणि आजीची माळ घालायची असं तिनं स्वतःहून ठरवलंय. सकाळी बुसैतीनच्या घरातून निघताना तिनं मागून ओरडून सांगितलंही होतं, "ममा, गेट द डेंट्स आउट ऑल्सो, प्लीज!" आमच्या घरी मराठी कळतं सगळ्यांना, उत्तरं मात्र इंग्रजीत येतात. तर 'हो' म्हणून टाकायचं आणि जिना उतरायचा, एवढंच काम होतं. पण त्याच्या बाकड्यावर एका वाडग्यात रिठ्याचं पाणी होतं. अजून कुणी सोनं रिठ्यात धुतं याचं मला नवल वाटलं. तो फेसाळ, थोडा कडवट वास नाकात गेला.

"दो मिनट," मी म्हटलं आणि तिथल्या स्टुलावर बसले.

बहरीनच्या सोनेबाजारातल्या याच गल्लीत, बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरून दोनदा डावीकडे वळलं की, माझ्या बाबांचं बाकडं होतं. खाली झगमगीत दुकानं आणि वर ही कामाची खुराडी. बाबांच्या बाकड्याला टाकणखाराचा वास यायचा, तापलेल्या तांब्याचा यायचा आणि रिठ्याचा यायचा. रिठे गावाहून यायचे, मालवणकडून कुणी ना कुणी आणायचं. विमानातून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत लोक खाजं शोधायचे, आमचे बाबा रिठे शोधायचे. जुना दागिना आला की ते त्याला त्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि वर फेस आला की म्हणायचे, "बघ, न्हाता हा." मोडलेलं, चेपलेलं, काळवंडलेलं काहीही त्यांच्या हाताखाली गेलं की नवं होऊन यायचं. मला त्याचा भारी अभिमान होता. शाळेत इतरांचे बाबा ऑफिसात होते, ड्रायव्हर होते, एकीचे तर विमानतळावर साहेब होते. पण पोचा काढून दाखवणारा बाप माझाच होता.

आम्ही तेव्हा मुहर्रकला, विमानतळाजवळ राहायचो. एका जुन्या घराचा वरचा मजला, त्यात समोरासमोर दोन बिऱ्हाडं आणि दोघांत मिळून एक गच्ची. खाली घरमालकांचं कुटुंब. दर शुक्रवारी त्यांच्याकडे ऊद जळायचा आणि जिन्याभर तो वास रेंगाळायचा. विमानं इतकी जवळून जायची की बोलता बोलता थांबावं लागे. आमच्या घरात सगळ्यांना त्याची सवय होती. वाक्य अर्धं ठेवून हात वर करायचा, विमान गेलं की उरलेलं अर्धं बोलायचं. पुढे सासरी शांत घरात गेले तरी माझा हात कितीतरी दिवस उगाच वर जायचा.

समोरच्या बिऱ्हाडात तेरेझा आंटी राहायच्या. त्यांचे यजमान विमानांच्या इंजिनांची कामं करत. दोघं इटलीची, पण शहरातली नव्हेत. डोंगरातल्या कुठल्या तरी गावची, शेतकऱ्यांच्या घरची. आंटींचे हात बघितले की ते सांगावं लागत नसे. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि आंटींना हिंदी येत नव्हतं. आंटींचं इंग्रजीही माझ्या आठवीच्या इंग्रजीपेक्षा फार पुढचं नव्हतं. त्यामुळे दोघींच्या मध्ये दुभाषी मी. ती कामगिरी मला मनापासून आवडायची, कारण मी जात्याच चोंबडी. आई मराठीत एक वाक्य बोलायची, मी इंग्रजीत तीन करायची. आंटी काही म्हणाल्या की त्यातलं मला पटेल तेवढंच आईपर्यंत पोचायचं.

गच्चीवर आईची वाळवणं असायची. ताकात भिजवलेल्या मिरच्या, कुळथाचे सांडगे. तिच्या शेजारच्या फळीवर आंटींचे टोमॅटो असायचे, मधोमध चिरलेले, मीठ लावलेले. उन्हात दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे. आभाळ पिवळं पडायला लागलं, धुळीचं वादळ येणार असं दिसलं की दोघी एकदमच जिन्याकडे धावायच्या. आई आपली जुनी साडी आधी टोमॅटोंवर टाकायची आणि मग मिरच्यांवर. आंटींनी ते एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून त्या आमच्या घरी दार न वाजवता यायला लागल्या.

त्यांच्या गळ्यात रोज एक माळ असायची. सोन्याचे पोकळ मणी आणि दर दोन मण्यांमध्ये एक पोवळं. कानात होडीच्या आकाराचे डूल, खाली बारीक पानं लोंबणारी. आंटींच्या आजीला लग्नात मिळालेलं हे सगळं. त्यांच्या गावात सुगी झाली की बायका जाड्याभरड्या कपड्यांवर असलं सगळं सोनं घालून देवळात जायच्या, असं त्या सांगायच्या. पहिल्यांदा ती माळ जवळून बघितली तेव्हा आई उठून आत गेली आणि आपली बोरमाळ घेऊन आली. दोन्ही माळा तिने पोळपाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. बोराएवढे मणी, तसाच फुगीरपणा, तसाच पातळ पत्रा. आईच्या मण्यांत लाख भरलेली, आंटींच्या मण्यांत नुसती हवा, एवढाच काय तो फरक. दिसायला भरगच्च आणि वजनाला हलकं. शेतकऱ्याच्या घरातलं सोनं सगळीकडे असंच असणार.

"बघ गो, बोरमाळच ही," आई म्हणाली. तिच्या आवाजात माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद होता.

पोवळ्याचं तर भाषांतरही करावं लागलं नाही. आंटींनी पोवळ्याला हात लावला, मग तान्ह्या बाळाला जोजवल्यासारखं केलं आणि डोळे मोठे करून बोट हलवलं. आई लगेच म्हणाली, "दिष्ट लागू नये म्हणान." मग आंटींनी आईची बोरमाळ उचलली, अंगठ्याने मणी चाचपले आणि दोन मण्यांवर अंगठा थांबला. तिथे बारीक पोचे होते. आंटींनी आईकडे पाहिलं. आई हसून म्हणाली, "दात ते. पोरांचे." मी ते भाषांतर केलंच नाही. आमच्या घरच्या दागिन्यातलं वैगुण्य परक्या माणसाला कशाला सांगायचं, असं मला वाटलं. पण आंटी हसल्या. त्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते मला एकटीला.

संध्याकाळी आंटी गच्चीच्या कठड्याशी बसायच्या आणि अंगठ्याने ती माळ फिरवायच्या. एकेक मणी पुढे जायचा आणि एका ठिकाणी अंगठा बराच वेळ थांबायचा. मला वाटे त्या जप करतात. आईलाही तसंच वाटे. ती त्या वेळी मला गच्चीवर आवाज करू द्यायची नाही.

एके दिवशी त्या माळेचा दोरा तुटला. आंटींनी मणी रुमालात बांधून माझ्याकडे दिले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "फॉर युवर पापा. ओन्ली द थ्रेड. ओन्ली थ्रेड, ओके?"

"ओके," मी म्हटलं.

शाळा सुटल्यावर मी रुमाल घेऊन थेट बाबांच्या बाकड्यावर गेले. बाबांनी मणी कापडावर ओतले. चार-पाच मण्यांवर पोचे होते आणि एक तर चांगलाच चेपला होता. बाबांच्या कपाळावर आठी पडली, तसल्या मण्यावर नेहमी पडायची तशी.

"काय काय करूचा हा?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हटलं, "सगळं नीट करून द्या, बाबा. पोचेसुद्धा काढा. त्यांना सरप्राइज देऊया."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. बोलताना मी बाकड्यावर कोपरं टेकली होती आणि पाय हलवत होते. आंटी डबी उघडतील, त्यांचे डोळे दिपतील आणि त्या म्हणतील, तुझा बाबा जादूगार आहे. एवढं एकच चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. 'फक्त दोरा' हे शब्द मी विसरले नव्हते. मला ते बिनमहत्त्वाचे वाटले. आंटींना संकोच वाटत असेल, फुकट काम कसं सांगायचं म्हणून त्या दोऱ्यावर थांबल्या असतील, असं मीच ठरवून टाकलं.

बाबांनी दोन दिवस त्या मण्यांवर घालवले. पोवळी बाजूला काढून वाटीत ठेवली, त्यांना आच लागू नये म्हणून. पोचे असलेला प्रत्येक मणी सांध्यावर उघडला. दोन इवल्या वाट्या झाल्या. त्या ठशाच्या खळग्यात ठेवून हलक्या हातोडीने गोल केल्या, पुन्हा डाख देऊन जोडल्या, घासल्या, रिठ्यात धुतल्या. मी शेजारी बसून हे सगळं बघितलं. इतकं सुंदर काम मी नंतर कुणाचं पाहिलं नाही. हे मी आजही म्हणेन आणि म्हणताना मला लाजही वाटेल.

आंटींनी आमच्याच घरात, आईसमोर, बाबांनी दिलेली लाल डबी उघडली. चेहरा खुलला. "बेल्ला," त्या म्हणाल्या आणि माझा गालगुच्चा घेतला. मग माळ गळ्यात घालून त्यांचा अंगठा सवयीने मण्यांवरून फिरायला लागला. फिरला, पुढे गेला, मागे आला. त्यांनी माळ काढून हातात घेतली आणि उजेडाकडे तोंड करून एकेक मणी पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"व्हेअर इज लुचिया?" त्यांनी मला विचारलं.

मला काही कळेना. लुचिया नावाचं कुणी आमच्या ओळखीचं नव्हतं. तेव्हा आंटींनी बोट आपल्या पुढच्या दातांना लावलं, मणी तोंडाजवळ नेला आणि चावल्यासारखं केलं. मग हाताने जमिनीपासून उंची दाखवली. गुडघ्याच्या थोडी वर. हात तिथेच ठेवून त्या म्हणाल्या, "माय बेबी. टू इयर्स. ओन्ली टू."

"काय म्हणता गो ती?" आईने विचारलं. पण विचारता विचारताच तिला समजलं होतं. ती उठून आंटींच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मी दारात उभी. एखादं विमान यावं, खूप मोठं, आणि कुणालाच काही बोलता येऊ नये, असं मला वाटत होतं. नेमकं त्या संध्याकाळी एकही आलं नाही.

बाबा कामावरून आले आणि आईने त्यांना सांगितलं. ते चप्पल न काढता तसेच समोरच्या दारात गेले. मी मागे गेले, कारण भाषांतर मलाच करायचं होतं. "तिका सांग," बाबा म्हणाले, "चूक माझी झाली. मी न विचारता काढलंय." मी ते सांगितलं. शब्दाला शब्द, पहिल्यांदाच काही न घालता आणि काही न गाळता. पोचे काढायला मी सांगितलं होतं, हे बाबा बोलले नाहीत. आंटींनी फक्त दोरा म्हटलं होतं, हे मी बोलले नाही.

मग बाबा म्हणाले, "होया तर मी परत पाडून देतंय. जसे होते तसे. माका जागा आठवतत." हेही मी सांगितलं. आंटींनी बाबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माळेवर मूठ मिटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाबांना आत बोलावून कॉफी दिली. बाबांनी आयुष्यात कधी कॉफी घेतली नव्हती. ती कडू जहर कॉफी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

पुढच्या वर्षी यजमानांचं कंत्राट संपलं आणि ती दोघं गेली. जाताना माळ आंटींच्या गळ्यात होती. अंगठा अजून तिच्यावरून फिरायचा, पण कुठे थांबायचा नाही. त्यांनी आईला वाळलेल्या टोमॅटोंची बरणी दिली आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. तेव्हा सांगायला हवं होतं. टॅक्सी खाली उभी होती, ड्रायव्हर घाईने "यल्ला, यल्ला" करत होता आणि मी हात हलवत राहिले.

त्यानंतर बाबांना एक सवय लागली. पोचा असलेला कुठलाही दागिना आला की ते आधी विचारायचे, "ह्यो पोचो कोणाचो?" हिंदीत विचारायचे, मोडक्या अरबीत विचारायचे. गल्लीत त्यांची चेष्टा व्हायची. शेजारचे कारागीर त्यांना बघितलं की ओरडायचे, "अरे, पोचा किसका है?" बहुतेक गिऱ्हाइकं खांदे उडवायची. पण कधी एखादी मुहर्रकची म्हातारी आपल्या बांगडीकडे बघायची आणि म्हणायची, "खल्ली, खल्ली." राहू दे. मग बाबा ती बांगडी नुसती धुऊन परत द्यायचे, दोन्ही हातांनी.

आता बाबा गावी असतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि तिची बोरमाळ माझ्याकडे आली. तेव्हापासून ती कपाटात होती. तिचा दोरा इतका विरलाय की हात लावायची भीती वाटायची.

कारागीर माझ्याकडे बघत होता. दोन मिनिटांची दहा झाली असतील. मी फोन काढून बाबांना लावला. तिकडे दुपारचं जेवण चाललेलं असणार.

"कोण? तू काय गो? खंय हस?"

"तुमच्या गल्लीत, बाबा. आईची बोरमाळ गाठवायला आणलीय. कारागीर विचारतोय, पोचे काढू का."

पलीकडे ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा," मी म्हटलं, आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं बाहेर आलं, तेही आईच्या बोलीत. "तुमका एक सांगूचा आसा. तेरेझा आंटीन फक्त दोरो बदलूक सांगितल्यान होता. पोचे काढूक मीच सांगलंय. माझ्या मनान."

त्यांनी ताट बाजूला सारलेलं ऐकू आलं.

"इतकी वर्सां ह्या घेवन बसलंस?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तू बारकी होतंस गो. माका कळाक होया होता. माझ्याच घरात दातांची माळ होती, आणि माका कळाक नाय."

"माझेच ना बाबा, ते दात?" मी विचारलं. लहानपणापासून मी तसंच धरून चालले होते.

"तुझे? तुका दात इले तेव्हा ही माळ गावाक पेटयेत होती. ही माझ्या आवशीची, तुझ्या आजयेची माळ. ते माझे दात आसत. वर्साचो होतंय, तिच्या मांडयेर बसान चावलंय. आवस सगळ्यांका दाखवी."

मी बोरमाळ जवळ ओढली आणि त्या दोन मण्यांवर अंगठा ठेवला. दोन इवले खळगे, शेजारी शेजारी. माझ्या नखाचं टोक कसंबसं मावेल एवढे.

"तोंडात आता एक शिल्लक नाय," बाबा म्हणाले. त्यांना थोडं हसू आलं होतं. "तेवढे दोनच रवले. रवांदेत."

मी फोन ठेवला. डोळे पुसले, कारण समोर परका माणूस होता. तो बिचारा गोंधळून गेला होता आणि उगाच चिमटा इकडचा तिकडे करत होता. घरी गेल्यावर लेकीला आधी तो खळगा बोटाने चाचपायला लावायचा आणि मग सांगायचं, मराठीतच, असं मी मनाशी ठरवलं.

"क्या करूँ, मॅडम?" त्याने विचारलं. "निकाल दूँ?"

"नहीं," मी म्हटलं. "सिर्फ धागा."

त्याने मान हलवली आणि जुना दोरा कापायला कात्री उचलली. मला राहवेना. मी वाकून पुन्हा म्हटलं, "सिर्फ धागा. ओके?"